आखाड्यातलं घड्याळ कुणाचं?

कोल्हापूर भागातल्या जत्रेच्या मैदानात एक नंबरची कुस्ती लांबली की एक क्षण हमखास येतो. वीसेक मिनिटं खडाखडी झालेली असते. दोघे मल्ल मानेवर हात टाकून एकमेकांना रेटत असतात, हलगीवाल्याचे हात भरून आलेले असतात, मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागलेली असतात. मग निवेदक माइकवरून सांगतो, आता कुस्ती गुणांवर, पहिला गुण घेईल तो विजयी. तेवढ्यानं कुस्ती बदलते. आत्तापर्यंत ढाक नाहीतर कलाजंग अशा फेकायच्या डावांची संधी शोधणारा मल्ल एकेरी पटाकडे, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायच्या डावाकडे वळतो. ढाक लावायची तर अंग झोकून द्यावं लागतं, डाव फसला तर स्वतःचीच पाठ मातीला लागते. पटात तो धोका कमी, आणि मागं जाऊन कब्जा मिळाला की गुण खिशात. कुणी कुठल्या डावावर बंदी घातलेली नसते. फक्त वेळ मोजायला सुरुवात झालेली असते, आणि चार डाव आपोआप म्यान होतात.

ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यातही हेच झालं. फरक इतकाच की तिथं माइक गावच्या यात्रा कमिटीच्या नव्हे, टीव्हीवर वेळ विकणाऱ्यांच्या हातात होता. या खेळाबद्दल आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे नियम आले म्हणून खेळ माणसात आला. दुसरं, पैसा आला म्हणून खेळ नासला. दोन्ही मतं अर्धवट आहेत. डोक्यानं धडका मारणं बंद झालं, वजनगट आले, हे चांगलंच झालं. पण खेळाचा स्वभाव बदलला तो घड्याळानं, आणि ते घड्याळ कुणाचा जीव वाचवण्यासाठी लावलेलं नव्हतं. तालमीतली पोरं आता पिंजऱ्याकडे बघायला लागली आहेत, तेव्हा वस्तादांनी आणि पालकांनी हे घड्याळ नीट उघडून बघायला हवं.

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेनव्हरला पहिली यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, एमएमएची स्पर्धा आणि ती भरवणारी कंपनीही) झाली तेव्हा वजनगट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते. चावायचं नाही आणि डोळ्यात बोटं घालायची नाहीत, एवढाच काय तो मज्जाव. एक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. रॉयस ग्रेसी हा अंगानं किरकोळ ब्राझिलियन माणूस जिउ-जित्सू या पकडींच्या विद्येच्या जोरावर एका रात्रीत तिघांना हरवून गेला. त्याची पद्धत तालमीतल्या माणसाला चटकन कळेल: धरायचं, खाली घ्यायचं, चिकटून राहायचं, वाट बघायची. समोरचा दमतो, हात नको तिथं टाकतो, आणि गळा सापडतो.

वाट बघणं हा त्या लढतीचा गाभा होता, आणि टीव्हीला नेमकं तेच परवडत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये चौथ्या यूएफसीच्या अंतिम लढतीत ग्रेसी आपल्याहून कितीतरी जड अशा डॅन सेव्हर्न या अमेरिकन कुस्तीगिराच्या खाली पंधरा मिनिटं दबून होता. शेवटी पायांच्या कैचीत गळा धरून त्यानं कुस्ती मारली. पैसे भरून घरी बघत बसलेल्या अनेकांना तो शेवट दिसलाच नाही, कारण केबलवर घेतलेला वेळ संपून गेला होता. लगेच पुढच्या स्पर्धेत, एप्रिल १९९५ मध्ये, लढतींना वेळेची मर्यादा आली. त्याच दिवशी ग्रेसी आणि केन शॅमरॉक छत्तीस मिनिटं झुंजले आणि निकालच लागला नाही. गुण देणारं कुणी नव्हतंच. वर्षाअखेरीस गुण देणारे पंच आले. हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी घड्याळ आलं, घड्याळानं निकाल अडवला, आणि अडलेला निकाल लावायला पंच आणावे लागले. आज एमएमएमध्ये पंचांच्या नावानं जी बोंब चालते तिचं मूळ हे आहे.

पुढचे नियम दुसऱ्या धाकानं आले. १९९६ मध्ये सिनेटर जॉन मकेन यांनी सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र लिहून ही 'माणसांची कोंबडझुंज' बंद करा म्हणून सांगितलं. राज्यामागून राज्यानं दार लावलं, केबलवाल्यांनी हात काढून घेतला. धंदा बुडायला आल्यावर १९९७ या एकाच वर्षात वजनगट आले, ग्लोव्ह सक्तीचे झाले, पडलेल्याच्या डोक्यात लाथ मारणं, डोक्यानं धडक देणं, केस ओढणं, एकेक बोट पिरगळणं बंद झालं. जुलै १९९९ मध्ये पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि बॉक्सिंगची दहा गुणांची पद्धत आली. नोव्हेंबर २००० मध्ये न्यू जर्सी राज्याच्या देखरेखीखाली पहिली यूएफसी झाली. तिथं ठरलेले नियम पुढे 'युनिफाइड रूल्स' म्हणून जगभर गेले. त्यानंतर दोनेक महिन्यांत ही कंपनी २० लाख डॉलरला विकली गेली. २०१६ मध्ये तिचीच किंमत चार अब्ज डॉलरच्या घरात निघाली.

या यादीत दोन जातीचे नियम एकत्र कालवले गेलेत. बोट पिरगळू नको, मानेच्या मणक्यावर मारू नको, हे शरीरासाठी. त्यावर वाद घालायचं कारण नाही. फेरी पाच मिनिटांची, जमिनीवर हालचाल मंदावली की रेफरीनं उभं करायचं, हे विक्रीसाठी. ग्लोव्ह मात्र मध्येच कुठंतरी लटकतो. एमएमएचा ग्लोव्ह साधारण चार औंसांचा, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आतला, बोटं उघडी. बॉक्सिंगचा आठ ते दहा औंसांचा. लोकांना वाटतं ग्लोव्ह मार खाणाऱ्यासाठी आहे. तो आहे मारणाऱ्यासाठी. उघड्या मुठीनं कपाळावर जोरात मारलं तर करंगळीमागचं हाड मोडायची भीती असते, म्हणून उघड्या हाताचा माणूस डोक्यावर जपून मारतो. मुठीला पट्टी गुंडाळली, वर गादी आली, की ती भीती गेली आणि डोक्यावरचे ठोसे वाढले. दिसायला सभ्य, टीव्हीवर छान, डोक्याला मात्र वाईट. शिवाय बोटं उघडी ठेवल्यानं डोळ्यात बोट जाण्याचा प्रश्न आजही तसाच आहे.

आता फेरीचा हिशोब, कारण आपल्या पोरांचं नशीब त्यात अडकलंय. पाच मिनिटांतलं पहिलं मिनिट अंदाज घेण्यात जातं. ठोसे चुकवत आत शिरून पट लागायला आणखी एक मिनिट. खाली घेतल्यावर मातीतल्यासारखा समोरचा पालथा पडून राहत नाही; तो सरकत सरकत जाळीपर्यंत जातो, पाठ जाळीला लावतो आणि बसतो. बसलेला माणूस अर्धा उभाच. तिथून त्याचे दोन्ही पाय एकत्र बांधून ओढायचे, ढुंगण जाळीपासून सुटेपर्यंत रेटायचं, मग वर चढायचं. यात दीड मिनिट सहज जातं, आणि जाळीला हात घालून धरणं हा फाउल असला तरी पहिल्यांदा रेफरी बहुधा नुसतं दरडावतो. हातात राहिलं दीड मिनिट. बेल वाजते, दोघं पुन्हा उभे. घाम गाळून मिळवलेली जागा फुकटात परत. ठोसे मारणाऱ्याचं मात्र काही परत जात नाही. त्यानं फोडलेली भुवई पुढच्या फेरीतही फुटलेलीच असते. फेरी लहान केली की कुस्तीगिराचं भांडवल दर पाच मिनिटांनी शून्यावर येतं आणि ठोसेवाल्याचं साठत जातं. हा नियम कुणी कुस्तीविरुद्ध म्हणून केला नसेल, परिणाम तोच.

पर्याय नव्हता असंही नाही. जपानमध्ये १९९७ ते २००७ चाललेल्या प्राइड या एमएमए स्पर्धेत पहिली फेरी दहा मिनिटांची असे, नंतर पाच-पाचच्या. निकाल फेरीनिहाय गुणांच्या बेरजेनं नव्हे, अख्ख्या लढतीकडे बघून. टंगळमंगळ करणाऱ्याला पिवळं कार्ड आणि मानधनातून दहा टक्के कापले. ढाकेला जागा होती, वाट बघायलाही होती. प्राइड सुरक्षित होती असं कुणी म्हणू नये, पडलेल्याच्या डोक्यात लाथ मारायला तिथं मोकळीक होती. पण दहा मिनिटांची फेरी आणि डोक्यातली लाथ जोडीनंच घेतली पाहिजे, असं कुठल्या वस्तादानं सांगितलंय?

गुणांचा घोळ तर स्वतंत्र लेखाचा विषय. फेरी जिंकली की १०-९, जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ. पहिल्या दोन फेऱ्या एखाद्या ठोशाच्या फरकानं गेल्या आणि तिसऱ्या फेरीत तुम्ही समोरच्याला चारी बाजूंनी झोडपलं, तरी ती फेरी १०-८ दिली गेली नाही तर निकाल २८-२९, तुम्ही हरलात. २०१७ पासून लागू झालेल्या निकषांत आधी बघायचं नुकसान, म्हणजे ठोशांनी किंवा पकडीनं समोरच्याचं काय झालं. ते समसमान असेल तरच आक्रमकता, आणि तेही समसमान असेल तरच पिंजऱ्यावरचा ताबा. फ्रीस्टाइल कुस्तीत पट काढून मागं गेलात की दोन गुण, फलकावर दिसतात, विषय संपला. इथं चार वेळा खाली घेतलं आणि वर नुसते पडून राहिलात तर पदरात जवळजवळ काही नाही. पट ही इथं शिडी आहे, माडी नव्हे. तालमीतून थेट पिंजऱ्यात गेलेली पोरं इथंच पहिल्यांदा फसतात. त्यांना वाटतं आपण जिंकलो, हात वर होतो दुसऱ्याचा.

यात आपली कुस्ती धुतल्या तांदळासारखी आहे असा आव आणू नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिम्पिकच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीलाच बाहेर काढायची शिफारस केली होती. तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या तीन डावांची पद्धत होती, आणि गुण न झाल्यास पिशवीतून चेंडू काढून कुणी कुणाचा पाय धरायचा ते ठरायचं. बघणाऱ्याला काडीचं कळायचं नाही. काही महिन्यांत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, एकूण गुणांची बेरीज आणि निष्क्रिय मल्लाला शिक्षा अशी नवी घडी बसवली, आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आली. म्हणजे प्रेक्षकासाठी नियम बदलणं हे पाप नाही. तिथं बदलानं खेळ वाचला. पण गुण आले की गुणांचा वादही आला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत माती विभागाच्या लढतीत गंगावेश तालमीच्या मल्लाविरुद्ध बाहेरची टांग या डावाला चार गुण दिले गेले आणि पाठ धोक्याच्या कोनात आली होती की नाही यावर कोल्हापूरच्या चहाच्या टपऱ्या आठवडाभर तापल्या होत्या. लाल मातीवर गुण मोजायचे तर पंचाची नजर आणि व्हिडिओचा कोन, दोन्ही निकालाचा भाग होतात. चितपट झालेली पाठ मैदानाच्या उतारावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही दिसायची. गुण दिसत नाहीत, ते सांगावे लागतात.

आणि नियम सगळीकडे सारखे आहेत या भ्रमात कुणी राहू नये. एकेरी पट काढताना आपला पठ्ठा एक गुडघा खाली टेकवतो, डोकं समोरच्याच्या बरगडीशी. युनिफाइड रूल्समध्ये गुडघा टेकलेला माणूस 'जमिनीवरचा' धरला जातो, त्याच्या डोक्यात गुडघा मारता येत नाही. मार्च २०२१ मध्ये पीटर यान हा यूएफसी विजेता नेमका असा गुडघा मारून बाद झाला आणि त्याचा किताब गेला. सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिप या दुसऱ्या एमएमए कंपनीत तोच गुडघा कायदेशीर आहे. म्हणजे तोच पट, तीच ठेवण, एका पिंजऱ्यात सुरक्षित आणि दुसऱ्यात दात पाडणारी. मध्यंतरी आणखी एक गंमत होती: उभा फायटर वाकून एक हात जमिनीला टेकवायचा आणि 'मी खाली आहे, मारू नको' म्हणायचा. ते थांबवायला दोन्ही हात टेकले पाहिजेत असा बदल झाला, पण काही राज्यांनी तो घेतला, काहींनी नाही, त्यामुळं फायटरला रात्री कुठल्या राज्यात आहोत ते आठवून वाकावं लागे. १ नोव्हेंबर २०२४ पासून हात मोजायचेच नाहीत असं ठरलं. हात-पाय सोडून दुसरं काही टेकलं तरच जमिनीवर. त्याच बदलात कोपर सरळ वरून खाली मारण्यावरची जुनी बंदीही उठली. २००९ मध्ये जॉन जोन्स त्याच बंदीपायी बाद ठरला होता. पटासाठी वाकलेल्या मानेवर वरून कोपर येणार, हे आता धरून चालावं लागेल. मागच्या डोक्यावर आणि मणक्यावर मारणं अजून फाउल आहे, पण पटात डोकं बाहेरच्या बाजूला ठेवणाऱ्यांनी सवय आत्ताच बदललेली बरी.

दुसरं घड्याळ वजनकाट्याचं आहे, आणि माझ्या मते ते पहिल्याहून वाईट. एमएमएमध्ये वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, बहुधा सकाळी. काटा आणि बेल यांच्यात तीस तास मिळतात. आदल्या दिवशी वजन ठेवण्याचा एक फायदा कंपनीला मिळतो: कॅमेरे, नजरेला नजर, पोस्टर. पण त्या तीस तासांनी एक अख्खी विद्या जन्माला घातली. ७७ किलोचा माणूस अंगातलं पाणी काढून ७०.३ च्या, म्हणजे १५५ पौंडांच्या गटात बसतो आणि लढतीला पुन्हा ७६ चा होऊन उतरतो. मीठ तोडणं, गरम पाण्याच्या टबात बसणं, सॉना, अंगावर रबरी सूट. समोरचाही तेच करतो, त्यामुळं फायदा कुणालाच नाही, धोका मात्र दोघांना. पाणी उतरलं की रक्त घट्ट होतं, हृदयाला तेच रक्त ढकलायला जास्त कष्ट पडतात, मूत्रपिंडांवर ताण येतो, घाम थांबला तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीगीर असं वजन उतरवताना गेले. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपचा यांग जिआन बिंग हा चिनी फायटर गेला. त्यानंतर वननं लघवीच्या घनतेची चाचणी आणली. अंगात पाणी पुरेसं नसेल तर वजन बरोबर भरलं तरी उपयोग नाही. ऑलिम्पिक कुस्तीत २०१८ पासून वजन लढतीच्याच सकाळी. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅमनं जास्त भरली तेव्हा अख्ख्या देशाला काट्याची किंमत कळली. आपल्याकडच्या जत्रेत तर काटाच नसतो, जोड नजरेनं लावतात. त्यात अन्याय होतात, पण टबात बसून कुणी मरत नाही.

मग पैसा. पैसा आला याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, शाहू महाराजांनीही मल्लांना पैसा, खुराक, जागा दिली म्हणूनच १९१२ मध्ये कोल्हापूरचं खासबाग मैदान उभं राहिलं. प्रश्न पैसा कुठल्या अटीवर येतो याचा आहे. यूएफसीत नवख्याचा करार अनेक वर्षं १०,००० ते १२,००० डॉलर लढल्याचे आणि तेवढेच जिंकल्याचे असा राहिलाय. हरलात तर निम्मे गेले. १२,००० डॉलर ऐकायला गोड आहेत. परदेशी माणसाकडून अमेरिकेत साधारण तीस टक्के कर जागेवरच कापतात: ३,६०० गेले. कोचला दहा टक्के, मॅनेजरला दहा टक्के: आणखी २,४००. उरले ६,०००, त्यातून दोन-तीन महिन्यांचा सराव, खुराक, सोबत येणाऱ्याचं विमान. वर्षाला दोन लढती झाल्या तर नशीब. आता वरचा गुणांचा घोळ या निम्म्या पैशाला जोडून बघा. एका पंचानं एक फेरी इकडची तिकडं दिली की वर्षाची निम्मी कमाई जाते. हरणाऱ्याचे पैसे कापायचे ठरवल्यावर कुठला फायटर तिसऱ्या फेरीत ढाक टाकायला जाईल? तोही आपल्या जत्रेतल्या मल्लासारखा हिशोबानं खेळतो.

पूर्वी फायटर चड्डीवर आणि बॅनरवर स्वतःचे जाहिरातदार लावून चार पैसे जोडायचे. जुलै २०१५ पासून रीबॉकचा गणवेश सक्तीचा झाला आणि ती वाट बंद झाली. पाच लढतींपर्यंतच्या फायटरला तेव्हा गणवेशाचे लढतीमागे २,५०० डॉलर मिळायचे, विजेत्याला ४०,०००. डिसेंबर २०१४ मध्ये फायटरांनी कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. त्यात पुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे महसुलातला फायटरांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी होता. अमेरिकेतल्या बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्ये खेळाडूंना साधारण निम्मा मिळतो, कारण त्यांची संघटना आहे. खटला दहा वर्षं चालला आणि २०२५ मध्ये ३७ कोटी ५० लाख डॉलरवर मिटला. त्याच वर्षी यूएफसीचे अमेरिकेतले प्रक्षेपण हक्क पॅरामाउंटनं सात वर्षांसाठी ७.७ अब्ज डॉलरला घेतले. बॉक्सिंगमध्ये खेळाडूला प्रवर्तकापासून, म्हणजे लढत भरवणाऱ्यापासून वाचवणारा कायदा अमेरिकेनं २००० मध्ये केला, मुहम्मद अलींच्या नावानं. एमएमएला तो लागू नाही.

एक गोष्ट मात्र अमेरिकेत आहे आणि आपल्याकडे नाही. तिथं बहुतेक राज्यांत पंच, रेफरी आणि डॉक्टर राज्याचं कमिशन नेमतं, स्पर्धा भरवणारा नव्हे. नॉकआउट झालेल्याला कमिशन महिना-दोन महिने लढायला बंदी घालतं आणि ती बंदी दुसऱ्या राज्यातही पाळली जाते. भारतात २०१२ मध्ये सुपर फाइट लीग ही एमएमए स्पर्धा आली, २०१९ मध्ये मॅट्रिक्स फाइट नाइट. भरत कंदारे, अंशुल जुबली, पूजा तोमर यूएफसीपर्यंत पोचले, रितू फोगाट कुस्ती सोडून वनमध्ये गेली. पोरं पुढं गेली, पण असं सरकारी कमिशन अजून नाही. पिंजरा ज्याचा, पंचही त्याचाच.

आपल्या मैदानांची बाजूही झाकायला नको. इनामाचा आकडा फ्लेक्सवर छापतात आणि हातात वेगळाच पडतो, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती, हा शब्द कुस्तीच्या मैदानातलाच आहे. हंगामात मल्ल आठवड्याला दोन-दोन मैदानं मारतो, मान आखडलेली असली तरी. कागद नाही, विमा नाही, डॉक्टर असला तर गावचा. पण एक मोकळीक आहे: एका गावानं फसवलं तर पुढच्या रविवारी मल्ल दुसऱ्या गावात लढू शकतो. पिंजऱ्याच्या करारात तो ठरलेल्या लढतींसाठी एका कंपनीचा असतो, आणि विजेतेपद मिळालं तर करार आपोआप लांबतो असं कलम असतं. जिंकलास तर आणखी अडकलास.

कोल्हापुरात कुणी पिंजरा उभा करणार असेल तर त्याला आडवं जायचं कारण नाही. कुस्तीच्या गावानं नवी कुस्ती हाकलून द्यावी हे शोभणारही नाही. पण इथं या खेळाचं कळणारी माणसं आहेत, तेव्हा अटी इथल्या असाव्यात. वजन लढतीच्या सकाळी, सोबत लघवीची चाचणी. सगळं मानधन लढल्याचं, जिंकण्याचं वेगळं काढायचंच असेल तर ते एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावं. पंच आणि रेफरी जिल्ह्याबाहेरचे, आणि त्यांची नेमणूक प्रवर्तकाच्या हातात नसावी. पिंजऱ्याला लागून डॉक्टर, दारात रुग्णवाहिका. ती एका जखमीला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत पुढची लढत सुरू करायची नाही. हे शेवटचं फार ठिकाणी मोडतं, कारण मध्ये थांबलं की प्रेक्षक ओरडतो. करार मराठीत, आणि सही करण्याआधी वस्तादांच्या हातात निदान आठवडाभर.

गुण दर फेरीनंतर फलकावर लावावेत. अमेरिकेत कॅन्सस राज्यानं २०२० मध्ये अशी मुभा दिली. विरोधक म्हणतात, पुढं असलेला शेवटच्या फेरीत पळ काढेल. काढेलही. पण मागं असलेल्याला कळेल की आता गळा धरल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि बघणाऱ्यालाही कळेल. खासबागेत प्रेक्षक उतारावर बसतात ते अशासाठीच की पुढच्याचं डोकं मध्ये येऊ नये.

आणि निदान एक नंबरच्या लढतीची पहिली फेरी दहा मिनिटांची ठेवून बघावी. पहिली चार-पाच मिनिटं कंटाळवाणी जातील, खालचा वरच्याला घट्ट धरून ठेवेल, कुणीतरी ओरडेल 'उठवा त्यांना'. रेफरीनं उठवू नये. सातव्या-आठव्या मिनिटाला खालच्याचे हात सैल पडतात, कोपर अंगापासून सुटतं, आणि तिथून काय होतं ते जाळीला पाठ लावून पाच मिनिटं काढणाऱ्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत फारसं बघू दिलेलं नाही. तोवर ज्यांना चपला शोधायच्या असतील त्यांनी खुशाल शोधाव्यात.